टाक्यांचे पैसे

सन दोन हजार चौदा. माझं वय सत्तावन्न. राज्याची वाटणी होऊन महिना झाला होता. हैदराबादेत नामपल्लीतल्या ज्या सरकारी हापिसात मी जीप चालवत होतो, तिथं कोण इकडं राहणार आणि कोण तिकडं आंध्रात जाणार याच्या याद्या लागत होत्या. माझ्या निवृत्तीला एकच वर्ष उरलं होतं.

मी तिसरीपर्यंत शिकलो. मराठी वाचतो, सही करतो. तेलुगू फाडफाड बोलतो, पण त्याचं अक्षर मला जिलेबीसारखं दिसतं. इंग्रजीचं तर नावच नको. आणि कुणाला 'हे जरा वाचून दाखवा' म्हणायचं, ते माझ्या रक्तातच नाही.

तारनाक्याच्या मागं दोन खोल्यांचं घर बांधायला मी बँकेतून अडीच लाख घेतले होते, दोन हजार तीन साली. बँकेतला माणूस म्हणाला, "बदलत्या व्याजाचं घ्या, स्वस्त पडेल." मी म्हटलं, नको. व्याज बदललं की पत्र येणार, पत्र आलं की ते कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागणार. मला एकच आकडा द्या. त्यानं दिला. महिना दोन हजार आठशे बेचाळीस, पंधरा वर्षं. हा आकडा मला अजून जीपच्या नंबरासारखा पाठ आहे. घराचे कागद मात्र बँकेच्या कपाटात गेले.

दोन हजार अकराच्या सुमाराला वेगळ्या राज्यासाठी शहरात रोज मोर्चे, रोज बंद. हापिसात जो तो दुसऱ्याला विचारायचा, तू मूळचा कुठला? मी म्हणायचो, नांदेडकडचा. मी जन्मलो त्याच्या आदल्या साली आमचा मुलूख हैदराबादेतून काढून, पुढं ज्याचं महाराष्ट्र झालं त्या राज्याला जोडला. यावर आमच्या दुसऱ्या जीपचा ड्रायव्हर म्हणाला, "मियाँ, तू तो ना इधर का ना उधर का. तेरेकू डिवायडर पे बिठाते." सगळे हसले. मीही हसलो. पण टायरात खडा अडकल्यावर गाडी कशी टकटक करत राहते, तसं ते वाक्य माझ्या डोक्यात टकटकत राहिलं. निवृत्त व्हायच्या आत घराचे कागद हातात पाहिजेत, असं मी तेव्हाच ठरवलं. कागद हातात असला की मग कोण विचारतंय, कुठला म्हणून.

माझी बायको शिवण शिवायची. ब्लाउज, परकर, साडीला फॉल. समोरच्या गल्लीत गुंटूरकडच्या एका टेलरचं दुकान होतं. आधी ती त्याच्याकडची हुकं लावून द्यायची, मग स्वतःची गिऱ्हाइकं झाली. मापाच्या वहीवरून त्यानंच तिला तेलुगू वाचायला शिकवलं. ती सातवी शिकलेली, तिला जमलं. महिन्याकाठी खर्च भागून तिचे दीड हजार उरायचे. मीही पगारातून दीड हजार बाजूला काढायचो. आमचं ठरलं होतं : माझे कर्जात जादा भरायचे, तिचे पोस्टात ठेवायचे. पोस्ट माझ्या हापिसाच्या वाटेवर, म्हणून ती पैसे माझ्याकडं द्यायची.

मी पोस्टात पुस्तक काढलं. त्यात एकदाच पैसे भरले, तेही माझ्या खिशातले. पाचशे. तिचे पैसे पहिल्या महिन्यापासूनच मी कर्जात भरायला लागलो. मनात म्हटलं, घर मोकळं झाल्यावर एकदम सांगू, खूष होईल. संध्याकाळी ती विचारायची, "भरले का हो?" मी म्हणायचो, "भरले." खोटं नव्हतं ते. खरंही नव्हतं.

बँकेत जादा पैसे भरायची चिठ्ठी वेगळी होती, तेलुगूत छापलेली. तिच्यावर दोन चौकोन. एकात खूण करायची. पहिल्या दिवशी मी रांगेत माझ्या पुढच्या माणसाकडं पाहिलं. त्यानं वरच्या चौकोनात खूण केली, म्हणून मीही वरच्यात केली. पुढं तीन वर्षं दर महिन्याला तिथंच.

तर त्या जुलैत एका संध्याकाळी तो टेलर घरी आला. गळ्यात टेप तशीच. बायकोला म्हणाला, "अक्का, मैं जारऊँ. उधर नवी राजधानी बनरई, बच्चे बोलते चलो." आणि म्हणाला, दोन्ही मशीन, त्यातलं एक पिकोचं, दुकानाची अनामत, सगळं मिळून पंचेचाळीस हजार. घेणारे दुसरेही आहेत, पण आधी तुला विचारतो. चार दिवसांत सांग.

तो गेल्यावर बायकोनं हातातलं शिवण बाजूला ठेवलं. मग उठली, दारात उभी राहून समोरच्या गल्लीकडं बघत म्हणाली, "पाटी बदलायला नको. नुसतं 'लेडीज टेलर' लिहिलंय." आणि लगेच माझ्याकडं वळली. "उद्या पोस्टातलं पुस्तक घेऊन या."

"बघू."

"बघायचं काय त्यात? पैसे माझे, मोजून चोपन्न हजार झालेत. तुम्ही घरी बसल्यावर मी दुकानात बसते. तुम्ही काज-बटन करा."

"मी? काज-बटन?"

"मग काय, जीप आणणार का घरात?"

मी हसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबाला मीटिंगला सोडून मी बँकेत गेलो. म्हटलं, थोडंच राहिलं असेल, हातापाया पडून तिचे तेवढे परत मागू. हातापाया पडून हे मी म्हणतोय खरं, पण खुर्चीवर बसलो तो पाठ ताठ करूनच. समोरची बाई माझ्या सासरी गेलेल्या मुलीपेक्षा लहान. तिनं मशीनमध्ये पाहिलं आणि म्हणाली, "चाचा, कर्ज़ तो एक लाख दस हज़ार बाक़ी है."

"कसं शक्य आहे?" मी मराठीतच ओरडलो. मग हिंदीत ओरडलो. तीन वर्षं महिन्याला तीन हजार जादा भरतोय मी! शेजारच्या खिडकीतले लोक बघायला लागले.

ती पोरगी शांत. तिनं माझ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणवला, एक काढून माझ्यापुढं ठेवली. म्हणाली, वरच्या चौकोनात लिहिलंय, हे पैसे पुढच्या हप्त्यांसाठी जमा ठेवा. खालच्यात लिहिलंय, मूळ रकमेतून कमी करा. "आप हर बार ऊपर निशान लगाए. नीचे लगाते तो कर्ज़ कब का ख़त्म हो जाता. किसी से पूछे नहीं?"

छत्तीस चिठ्ठ्या, छत्तीस खुणा, सगळ्या माझ्या हातच्या. आणि खूणही कशी, जोर लावून, कागद फाटेल अशी.

मग ती म्हणाली, पैसे कुठं गेले नाहीत. एक लाख आठ हजार जसेच्या तसे पडून आहेत. वर दोन-तीन हजार घाला, या फॉर्मवर सही करा, कर्ज आजच बंद. कागद आठवड्यात हातात.

दोन-तीन हजार माझ्या खिशात होते. पेन तिनं पुढं केलं होतं. मी ते हातातही घेतलं. ज्याच्यासाठी तीन वर्षं बायकोशी खोटं बोललो, ते एका सहीवर आलं होतं. आणि मला दारात उभी राहून पाटी बघणारी ती दिसायला लागली. मी पेन खाली ठेवलं. विचारलं, "अर्धे वापस मिलते क्या?"

"अर्ज़ी दीजिए, मिल जाते."

तिनं अर्जाचा दुसरा फॉर्म दिला, त्यावरही तेच दोन चौकोन. मी दोन्ही फॉर्म घडी करून खिशात घातले आणि निघालो.

घरी आलो तर ती हुकं लावत बसली होती. "पुस्तक?" म्हणाली. मी पोस्टाचं पुस्तक तिच्यापुढं ठेवलं. त्यातला एकच शिक्का तिनं पाहिला. मग मी उभ्यानंच सगळं सांगितलं, चौकोनांसकट.

तिनं दातांनी दोरा तोडला. "छत्तीस वेळा मी तुमच्या हातात पैसे दिले. छत्तीस वेळा तुम्ही 'भरले' म्हणालात."

"भरलेच ना. खाल्ले का मी?"

"खाल्ले असते तर एकदा भांडून सोडून दिलं असतं."

मी म्हटलं, "उद्या सही केली की घर मोकळं. कागद तुझ्या हातात आणून देतो."

"घर दोघांचं आहे. पण टाके माझे आहेत." तिनं सुई पिनकुशनमध्ये खोचली. "कागदाची एवढी घाई कशाला? आपल्याला कोण हाकलतंय?"

तेव्हा मी तिला ती डिवायडरची गोष्ट सांगितली. तीन वर्षांत पहिल्यांदा. सांगताना आवाज जरा फाटला माझा, कबूल करतो. तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. मग हसली.

"डिवायडरवर बसवलं असतं तर मीही आले असते की, मशीन घेऊन. गिऱ्हाइकं दोन्हीकडची मिळाली असती."

मी खाली बसलो. तिनं हुकांची पुडी माझ्याकडं सरकवली, मी एकेक हूक मोजून तिच्या हातात देत राहिलो. जेवायची वेळ झाली तरी दोघंही उठलो नाही. मग तीच म्हणाली, "मला वाचायला सांगितलं असतं तर काय टोपी पडली असती का तुमची?"

"आज पडलीच की," मी म्हटलं. "बँकेत. सगळ्यांसमोर."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नोकरीत पहिल्यांदा न विचारता रजा टाकली. तिला स्कूटरवर मागं बसवून बँक उघडायच्या आधीच पोचलो. पायरीवर बसून तिनं फॉर्म मांडीवर पसरला आणि तेलुगू अक्षरांखालून बोट फिरवत एकेक ओळ वाचली. तिचे चोपन्न हजार परत, तिच्या नावावर. माझे चोपन्न हजार मूळ रकमेत. मग बँक उघडली आणि कालच्याच पोरीनं हिशेब करून सांगितलं, अठ्ठेचाळीस हप्ते होते, ते बावीसवर येतील. मी बायकोला म्हटलं, खूण तू कर.

"सही तुमची, खूणही तुम्हीच करा," ती म्हणाली, आणि सुयांनी टोचलेलं बोट खालच्या चौकोनाशेजारी ठेवलं.

मी खूण केली, हलक्या हातानं. मग खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि तिला म्हटलं, "आता वरच्या चौकोनात काय लिहिलंय ते परत वाच. सावकाश."