कुंकवाचा ठिपका आणि गायब वायर

एकनाथराव संशयी. कॉम्प्युटरचा स्क्रीन त्यांनी सात रस्त्याच्या दुकानात दुरुस्तीला दिला, तोही कुणी बदलू नये म्हणून मागं कुंकवाचा ठिपका लावून. परत आला तेव्हा ठिपका जागेवर, पण स्क्रीन काळाठिक्कर! टॉवेलचं डिझाइन आजच कारखान्याला पाठवायचं होतं, नाहीतर ऑर्डर दुसऱ्याला जाणार. त्यांनी बटण दाबलं, स्क्रीन थोपटला, मागं वाकून पाहिलं. विजेची वायरच गायब!

"ढापली की त्या चोर दुकानदारानं! जाऊन गचांडीच धरतो."

"अहो, तो बदलेल म्हणून तुम्हीच ती काढून कपाटात दडवलीत," कणीक मळता मळता पद्मजाबाई म्हणाल्या.

वायर जोडली, स्क्रीन उजळला, डिझाइन गेलं. एकनाथरावांचे डोळे मात्र बारीकच.

"कपाटाची किल्ली माझ्याकडं असते. तुला कसं कळलं गं?"