तिकिटावरचा मिशीवाला

इंदूरच्या आमच्या अन्नपूर्णा भागातल्या बगीच्यात एकाहत्तरच्या युद्धातल्या एका गाजलेल्या लढाईचं स्मारक झालं. सिमेंटचा रणगाडा आहे, त्याची तोफ रस्त्यापलीकडच्या पोहे-जलेबीच्या ठेल्यावर रोखलेली. शेजारी काळ्या दगडावर शहिदांची नावं, आणि त्याहून मोठ्या दगडावर अनावरणाला आलेल्यांची. आलेले जास्त होते, त्यामुळे दगड मोठा लागला.

समोरच्या काकू निवृत्त शिक्षिका. त्यांचा थोरला भाऊ या लढाईत होता. पोटात गोळी लागली आणि काही दिवसांनी लष्करी इस्पितळात वारला. दगडावर त्याचं नाव यावं, एवढीच काकूंची इच्छा. पण समितीनं ठरवलं होतं, नावं फक्त रणांगणावर पडलेल्यांची.

"काकूजी, शहीद तर ते आहेतच," समितीचे सचिव म्हणाले, "पण टेक्निकली हॉस्पिटलमध्ये गेले ना. रूल म्हणजे रूल."

"गोळी काय हॉस्पिटलात लागली होती?"

सचिव हसले. रडणाऱ्या बाईला कसं समजवायचं हे त्यांना ठाऊक होतं, पण ही रडत नव्हती. मग त्यांनी तोड काढली. दगडावर नाही, तर तिकिटावर! आपण दिलेला फोटो तिकिटाबरोबर छापून देण्याची सोय टपाल खात्यात आहे. समारंभात त्याचं विमोचन करू. मी जन्मभर तिकिटं जमवत आलो, म्हणून जाणकार या नात्यानं मलाही बोलावणं आलं. जाणकारानं मान डोलवायची असते.

काकूंकडे भावाचा एकच फोटो होता. बुशशर्टातला, हसरा, एक कान जरा बाहेर आलेला. समितीनं तो मल्हारगंजातल्या फ्लेक्सवाल्याकडे दिला. अशांच्या कॉम्प्युटरवर गणवेश तयारच असतात. मान आली की बसवून द्यायची. वाढदिवसाच्या फलकांवर निम्मं इंदूर असंच फेट्यात असतं.

समारंभात पाहुण्यांनी फीत सोडली आणि तिकिटांची चौकट लोकांसमोर धरली. त्यात एक मोठा अधिकारी होता. टोपी, छातीभर पदकं, भरघोस मिशी. कान टोपीखाली गेला होता.

"बघा काकूजी, काय जचतायत! एकदम जनरल!"

काकूंनी चष्मा पुसला. "हा कोण?"

"अहो, तुमचे बंधू!"

"आमचा दादा नाईक होता. आणि मिशी त्याला कधी धड आलीच नाही."

सचिव माझ्याकडे वळले. "भिया, मिशीशिवाय फौजी वाटतो का कुणी? मीच सांगितलं टाकायला."

मी काही बोलणार, तेवढ्यात बँड सुरू झाला. काकूंच्या हाती चौकट देऊन फोटो काढले गेले. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात, भावाला तिकिटावर पाहून बहिणीचे डोळे पाणावले, असं होतं. मी बाजूलाच उभा होतो. डोळे कोरडे होते आणि नजर बघवत नव्हती.

समितीनं भेट दिलेली तिकिटं दाखवायला काकू घरी आल्या. पान फाडू नका, अखंड ठेवलं तर किंमत वाढते, असा सल्ला मी सवयीनं दिला.

"यानं पत्र जातं का?"

"जातं की."

तेव्हापासून दर महिन्याला समितीला त्यांचं पत्र जातं. भावाचं नाव, हुद्दा, पलटण आणि मागणी: दगडावर नाव घाला. अक्षर फळ्यावरच्यासारखं ठसठशीत. लिफाफ्यावर तो मिशीवाला. उत्तर एकदाही आलं नाही.

परवा बगीच्यात सचिव भेटले. पत्रं मिळतात का, म्हणून विचारलं.

"मिळतात ना! तिकिटं पाण्यात भिजवून काढून ठेवतो मी. शिक्का काय सुंदर बसतो, भिया! तुम्हाला देऊ एखादं?"

"आणि पत्रं?"

"पत्रांत काय, दर वेळी तेच असतं."