ओव्हरसियरबाईंचा पहिला खिळा

कुणाच्याही घरात शिरली की आजी आधी छताकडे बघायची, मग माणसांकडे. बोलता बोलता भिंतीवर बोटाचं पेर वाजवायची. चहा उभ्यानं प्यायची. दार कुठं घासतंय ते ऐकायची आणि कुणी न विचारता सांगायची. प्रवासाची पिशवी घरी आल्यावरही रिकामी करायची नाही. साबण, टॉवेल, बॅटरी कायम आतच. आणि भिंतीत कधी खिळा ठोकायची नाही.

हे शेवटचं नातीच्या फार उशिरा लक्षात आलं. लहानपणी तिला वाटायचं, फोटो भिंतीला टेकवून जमिनीवरच उभे करायचे असतात. मैत्रिणीकडे पहिल्यांदा टांगलेला फोटो पाहून तिनं विचारलं होतं, "याला वर कशाला चढवलंय?"

आजी सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून लागली आणि इंजिनियर होऊन निवृत्त झाली. लोकांच्या तोंडी मात्र 'ओव्हरसियरबाई' हेच राहिलं. पूल, शाळा, दवाखाने, रेस्टहाउस. जिथं रस्ता संपायचा तिथं हिचं काम सुरू व्हायचं. दर दोन-तीन वर्षांनी बदली. नातीच्या आईला लहानपणी कुणी पत्ता विचारला की ती आधी "सध्या" म्हणायची.

सरकारी घरं तपासायचं कामही आजीकडेच होतं. भिंतीत खिळा दिसला की नोटीस. एका मोठ्या साहेबांनी दिवाणखान्यात स्वतःची तसबीर लावली होती. आजीनं ती उतरवायला सांगितली.

"अहो बाई, एका खिळ्यानं भिंत पडणार आहे का?"

"साहेब, भिंत सरकारची. तुम्हीही सरकारचेच. दोघांनाही भोक पडलेलं खात्याला चालत नाही."

साहेब हसले. तसबीर उतरली.

लोकांना नोटिसा देणारीनं आपल्या घरात खिळा कुठल्या तोंडानं ठोकायचा? म्हणून तिच्या घरात सगळं जमिनीवर उभं. त्यातच आजोबांचं लंबकाचं घड्याळ.

आजोबा घड्याळजी. आजीची बदली होईल तिथल्या बाजारात टेबल टाकायचे. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं त्यांचं दुकान पेटीत. "बायका नवऱ्यामागं जातात, मी बाईसाहेबांमागं आलो," हे ते ऐटीत सांगायचे. ते मोठं घड्याळ त्यांनी तरुणपणी भंगारातून आणून जिवंत केलं होतं. पण लंबकाचं घड्याळ टेकवून ठेवलं तर चालत नाही. त्याला भिंत लागते. त्यामुळे प्रत्येक घरात ते स्टुलावर मुकं बसून असायचं. पाहुण्यांनी विचारलं की आजोबा म्हणायचे, "ते रजेवर आहे. बाईसाहेब निवृत्त झाल्या की कामावर रुजू होईल."

बाईसाहेब निवृत्त झाल्या. स्वतःचं घर झालं, तिनंच काढलेल्या नकाशावर. घड्याळ स्टुलावरच.

"प्लास्टर वाळू दे," आजी म्हणाली. मग म्हणाली, "रंग होऊ दे." रंग झाल्यावर म्हणाली, "नव्या रंगाला लगेच भोक कशाला?" नात शाळेतून कॉलेजात गेली, तरी प्लास्टर काही वाळेना. आजोबांनी कधी तगादा लावला नाही. चाळीस संसार गुंडाळायला सांगितलं असतं तरी गुंडाळणारा माणूस.

मग त्यांचे डोळे गेले. ऑपरेशन झालं, उपयोग झाला नाही. उजेड आणि अंधार तेवढा कळे. पेटी बंद झाली. एका सकाळी ते मनगटी घड्याळ कानाशी धरून बसले होते. नात शेजारी होती. आजी उभ्यानं चहा पीत होती.

"बाईसाहेब," आजोबा म्हणाले, "मला आता वेळ दिसत नाही. निदान ऐकू तरी येऊ दे."

"रविवारी बघू."

"तुमची आता कुठं बदली व्हायची राहिलीय?"

आजीनं कप खाली ठेवला. खुर्ची ओढली आणि बसली. चहा पिताना तिला बसलेलं नातीनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. बसूनच चहा संपवताना ती घड्याळाच्या स्टुलामागची भिंत न्याहाळत होती. मग उठून तिनं पिशवी पलंगावर उपडी केली. साबण, टॉवेल, बॅटरी. तळाला ओळंबा आणि हातोडी.

"अहो, उंची सांगा."

"माझ्या कानाइतकी."

खिळा तिनं दोन घावांत बसवला. घड्याळ टांगलं, किल्ली दिली, लंबक हलवला. घर टिकटिकायला लागलं. आजोबांनी मान तिरपी केली.

"लंगडतंय."

"काय म्हणता!"

"एक पाय लांब टाकतंय, एक आखूड. असंच राहिलं तर बंद पडेल."

आजीनं ओळंब्याची दोरी सोडून बघितली. खिळा बरोबर होता. भिंतच खाली फुगली होती, त्यामुळं घड्याळाचा तळ एका अंगाला सरकत होता.

"जन्मभर लोकांच्या भिंती नापास केल्यात," आजोबा खूश होऊन म्हणाले, "आता द्या नोटीस स्वतःला!"

"देते. पण आधी पाचर." तिनं लाकडाचा तुकडा घेतला आणि तासायला बसली.

तेवढ्यात फोन आला. तिच्या हाताखाली शिकलेला एक इंजिनियर होता. "बाई, तुम्ही बांधलेलं डोंगरावरचं रेस्टहाउस गळतंय. पाडायचं म्हणतायत. एकदा येऊन जाल?"

उपडी केलेली पिशवी पुन्हा भरली गेली. दारातून आजी म्हणाली, "घड्याळाला हात लावू नका. आल्यावर सरळ करते."

रेस्टहाउसवर पोचल्यावर तिनं छत पाहिलं, ठोकून ऐकलं. छत धडधाकट होतं. पन्हाळ तुंबली होती. ती साफ करवली आणि म्हणाली, "आणखी पन्नास वर्षं हात लावायचा नाही." मग व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून तिनं चहा मागवला. चहा आला तेव्हा ती गेलेली होती. बसलेली, स्वतःच्या छताखाली.

घरी माणसं आली, गेली. घर शांत झालं तेव्हा नातीला घड्याळ ऐकू आलं. अजून चालू होतं. एक पाय लांब, एक आखूड.

"आजोबा, मी सरळ करू? नाहीतर बंद पडेल."

"मी काय बोटं हरवलीत?" आजोबा म्हणाले. "मलाही चाचपून करता येईल. राहू दे. तिचं काम आहे."

रोज सकाळी ते भिंतीला हात लावत जातात. लंबक थांबला असेल तर बोटानं पुन्हा ढकलतात. तळाला हात लावत नाहीत.

पाचर स्टुलावर आहे. तिची एक बाजू गुळगुळीत झालीय. दुसरी तासायची राहिलीय.