लाकडांशी भांडणारे मामा

माझ्या थोरल्या मामांइतका लाकडांवर चिडणारा माणूस अख्ख्या निजामाच्या मुलखात दुसरा जन्मला नसेल. माणसं भाऊबंदांशी भांडतात, बांधावरून भांडतात. मामा ओंडक्यांशी भांडायचे. शिरड शहापुरात त्यांची चांगली जमीन होती, दाराशी गडीमाणसं होती, पण सरपण फोडायची कुऱ्हाड त्यांनी कुणाच्या हाती दिली नाही. "गडी लाकूड फोडत न्हाई, चेचतो," असं म्हणून ते सदरा खुंटीला लावायचे, धोतराचा काचा मारायचे आणि परसात उतरायचे. मग आम्हाला घरात नुसती शिवीगाळ ऐकू यायची. बाभळीशी त्यांचं बरं होतं. धार बराबर बसली की ती दोन फाळ्या होऊन बाजूला पडायची, तेव्हा तिला ते "शाणी लेक" म्हणायचे. लिंबाला कुरकुऱ्या म्हणत, बोरीला तोंडाळ. पळसाला तर ते लाकूडच मानत नसत. पण खरं हाडवैर चिंचेशी. तिचे रेशे एकमेकांत गुंतलेले. कुऱ्हाड आत रुतून बसायची, आणि पाचर ठोकता ठोकता मामा त्या ओंडक्याच्या सात पिढ्या उद्धरायचे. एकदा असाच एक ओंडका सकाळपासून फुटेना, तर त्यांनी जेवायचंच नाकारलं. मामी ताट घेऊन परसात गेली तेव्हा म्हणाले, "याच्याम्होरं बसून खाऊ? हसंल की ते मला!"

हे घरात खपून जायचं. पण माझ्या लग्नात जे झालं, त्याचा मला आजही संताप येतो. तो मामांवर, सासरच्या माणसांवर की त्या मेल्या पळसावर, ते मात्र मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते. वऱ्हाड सेनगावहून गाड्या जुंपून आलं. आमचं घर मामांच्याच गावात, एक गल्ली सोडून. आचाऱ्यासाठी वडिलांनी आणवलेलं सरपण ओल्या पळसाचं निघालं. मामांनी एक तुकडा हातात घेतला आणि तिथंच पेटले. "पाव्हणं, हे सरपण हाय का ऊस? पिळलं तर रस निघंल!" वडिलांनी हात जोडले, "दादा, आज नगं. मुहूर्त जवळ आलाय." मामा गुमान निघून गेले. सगळ्यांना वाटलं, सुटलो.

अंतरपाट धरला, आणि मला घेऊन यायला मामाच नाहीत! मागून ठाक ठाक ऐकू येत होतं. स्वतःच्या परसातली वाळकी बाभूळ आणून ते फोडत बसले होते. कुणीतरी ओढून आणलं तेव्हा अंगात सदरा नाही, मिशीत ढलप्या, खांद्यावर कुऱ्हाड. तसेच माझा हात धरून उभे राहिले. मला धरणी दुभंगावी असं झालं.

सासऱ्यांनी विचारलं, "हे लाकूडफोडे कोन?"

"पोरीचे मामा," कुणीतरी सांगितलं.

"आमच्यात जमीनवाला माणूस चारचौघांत लाकडं फोडत न्हाई."

"मंग धूर खाता काय तुमी?" मामा म्हणाले.

झालं. वऱ्हाडी उठले. सासरे गरजले, "गाड्या जुंपा!" आईने डोळ्याला पदर लावला. अंतरपाटाआड मी तशीच उभी. तेवढ्यात वारा फिरला आणि आचाऱ्याच्या चुलीतल्या ओल्या पळसाचा सगळा धूर मांडवात शिरला. भटजी मंगलाष्टकांऐवजी खोकू लागले. नवरदेवाच्या डोळ्यांतून धारा लागल्या. रागावलंय कोण आणि रडतंय कोण, काही कळेना. शेवटी उपरणं नाकाला लावून सासरेच ओरडले, "अहो मामा, फोडा आता काय फोडायचं ते!"

लग्नात रुसण्याचा मान वरपक्षाचा. आमच्याकडे मामा रुसले. परसात ओंडक्यावर जाऊन बसले, कुऱ्हाड मांडीवर. "आता काहून? आमी लाकूडफोडे." सासऱ्यांना स्वतः मागं जावं लागलं. "व्याही, चुकलं. उठा आता, लेकरं ताटकळून राहिली," असं म्हणून त्यांनी हात दिला, तेव्हा कुठे बाभूळ फुटली, चूल धडधडली आणि माझं लग्न लागलं.

पुढे मामा सेनगावला यायचे. सासरच्यांपुढे लेकीला सुखी आहेस का म्हणून विचारायची रीत नव्हती. ते ओसरीवर पाणी प्यायचे आणि विचारायचे, "बाई, चूल कशी जळती?"

"बरी जळती, मामा."

मुलखात दंगेधोपे सुरू झाले, रस्त्याने जायची भीती वाटू लागली, त्या उन्हाळ्यात माझं पहिलं लेकरू गेलं. घरात माझ्याशी कुणी धड बोलत नव्हतं; सुनेच्या दुःखाचं बोलायची रीतच नव्हती. मामा आले, तेच विचारलं, मीही तेच उत्तर दिलं. मग त्यांनी सदरा काढला, सासऱ्यांना कुऱ्हाड मागितली आणि परसात गेले. ऊन कलेपर्यंत ते फोडत होते. सासरे आधी दारात नुसते उभे होते. मग खाली वाकले, एकेक फाळी उचलून माझ्या चुलीमागच्या भिंतीला रचू लागले. त्या संध्याकाळी ओसरीवरून त्यांनी मला हाक मारली, "सूनबाई, जेवलीस का?"

त्यानंतर दंग्यांपायी रस्ते बंद झाले. ते उघडायच्या आतच मामा गेले. मला निरोप मिळाला तो फार उशिरा. त्यांनी फोडलेलं ते सरपण मी फार जपून जाळलं. तरी संपलंच.