हात काढला तरी चाललेला नेम

ह्यांनी चहाचा कप उचलायला खेळाच्या दांडीवरचा हात काढला, आणि पडद्यावरचा नेम आपला आपण सरकत शत्रूच्या यानावर जाऊन बसला. वाळलेले कपडे घेऊन मी दारातच उभी होते. ह्यांनी कप खाली ठेवला आणि मुद्दाम दोन्ही हात वर धरले. नेम पुन्हा सरकला.

"अगं, हे काय आहे?"

ते काय आहे हे मला चांगलं माहीत होतं. तीन महिन्यांपूर्वी मीच ते बसवून घेतलं होतं.

ह्यांची पस्तीस वर्षं कारखान्यात लेथवर गेली. लोखंडाचा तुकडा बोटांत फिरवून त्याची जाडी सांगायचे, आणि मोजला की तेवढाच निघायचा. तिथं सगळे ह्यांना मिस्त्री म्हणत. निवृत्त झाल्यावर माणसं फिरायला जातात, झाडांना पाणी घालतात, निदान बायकोच्या कामात लुडबुड करतात. आमचे हे थेट अंतराळात गेले. खिडकीजवळ कॉम्प्युटर, कानावर हेडफोन, आणि कधी न पाहिलेल्या माणसांशी यानांची लढाई! खेळातही नाव मिस्त्रीच. "म्हातारचळ" असं मी तोंडावर म्हणाले खरी, पण पुढे मीच मागे स्टूल टाकून बघायला लागले.

चौघांची तुकडी होती, हे तिचे प्रमुख, आणि नियम ह्यांचे. कुणाचं इंटरनेट गेलं आणि त्याचं यान नुसतंच तरंगायला लागलं, तर त्यावर गोळी झाडायची नाही. हरलो तर दिवे दोनदा लुकलुकवून समोरच्याला सलाम. आणि नेम धरून देणारा मदतनीस प्रोग्राम कुणी वापरला, तर त्याच दिवशी तुकडीबाहेर, रदबदली नाही. धूमकेतू नावाच्या एका चांगल्या खेळाडूला ह्यांनी असंच काढलं. तो बिचारा गयावया करत होता. "नेम तुझा नसेल तर जिंकतंय कोण?" एवढं विचारून ह्यांनी हेडफोन काढून ठेवला.

मग ह्यांचे हात थरथरायला लागले. आधी बशीत चहा सांडायचा, मग सदऱ्याचं बटण लागेना. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, आता यातच भागवायचं. खेळात हारीवर हार. हे भरल्या ताटावरून उठायला लागले. मला ते बघवेना. माझा भाऊ कॉम्प्युटर दुरुस्त करतो, त्याला गाठलं.

"ताई, भावोजींना कळलं तर माझं तोंड बघणार नाहीत."

"कळतंय कशाला? जरासाच लाव. भाजीत मिठाइतका."

हे सकाळी दूध आणायला गेले असताना त्याने तो लावला. दुसऱ्याच दिवशी हे जिंकले आणि ओरडले, "अगं, हात परत आला!" चहा बशीत सांडतच होता, पण तो ह्यांना दिसेना, आणि मी दिसू दिला नाही. वर निर्लज्जासारखी स्टुलावर बसून टाळ्या वाजवत राहिले.

आणि आता हे हात वर धरून माझ्याकडे बघत होते. मी सगळं सांगून टाकलं. घाईघाईत, कपडे छातीशी धरून, मधूनच डॉक्टरांना दोष देत. वाटलं, कप भिंतीवर फुटणार. पण हे कुणी तोंडात मारल्यासारखे बसून राहिले. चाळीस वर्षांच्या संसारात हा चेहरा मी पाहिला नव्हता. मी इतकी हादरले की मला रडूही येईना.

मग खुर्ची बाजूला सरकवून म्हणाले, "ये, बस इथं. माझी बोटं बटणावर ठरत नाहीत. तू लिही."

हे सांगत होते आणि मी एका बोटाने अक्षरं शोधत होते. माझ्या कॉम्प्युटरमध्ये मदतनीस होता. गेल्या तीन महिन्यांतले विजय आपले धरू नका. मी तुकडी सोडतोय. शेवटी मी माझं एक वाक्य घुसवलं, की हे सगळं त्यांच्या बायकोने केलं, त्यांना काहीच माहीत नव्हतं.

"खोड ते."

"अहो, पण खरं आहे ते!"

"यान माझं होतं. धूमकेतूला मी कुठं विचारलं होतं, तुझ्या घरात कोण कोण आहे म्हणून? खोड."

मी खोडलं आणि पाठवलं. तुकडीतल्या एकाने लिहिलं, "मिस्त्री, थट्टा करताय ना?" तासाभरात धूमकेतूपर्यंत बातमी पोचली. त्याचा निरोप आला, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण." मी त्याला फाडून खायला बोट उचललं, तर ह्यांनी माझा हात धरला. ह्यांच्या थरथरीने माझाही हात हलायला लागला.

"बरोबर बोलतोय तो," हे म्हणाले.

संध्याकाळी भावाने येऊन प्रोग्राम काढला, मान वर न करता, आणि पाणीसुद्धा न पिता गेला. मग हे पुन्हा दांडी धरून बसले. दहा गोळ्या झाडल्या, दोन लागल्या. मला जरा धीर आला. म्हटलं, दोन तर दोन, पण ह्यांच्या आहेत.

"एक सांग," हे पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. "परवा त्या मोठ्या यानाला मागून वळसा घालून मी गोळी मारली, तू केवढ्या टाळ्या वाजवल्यास. ती माझी होती का?"

मला हो म्हणायचं होतं. पण मला माहीतच नव्हतं. मी भावाला फोन लावला.

"ताई, कुठल्या गोळ्या भावोजींच्या आणि कुठल्या प्रोग्रामच्या, हे आता कुणालाच सांगता येणार नाही."

फोन नेहमीसारखा स्पीकरवर होता.