फ्री थ्रोची शांतता

आमच्या कॉलेजचे बास्केटबॉलचे मैदान मुरमाचे होते. सामन्याच्या दिवशी सकाळी त्यावर पाणी मारून रोलर फिरवत आणि दुपारी फक्कीने रेषा आखत. दोन टोकांना सागवानी खांब, त्यांवर फळ्या आणि फळ्यांना लोखंडी कडी. कॉलेज लष्कराच्या जुन्या बराकींत भरत असे. त्यातल्या एका बराकीच्या दगडी पायऱ्या मैदानाच्या एका अंगाला होत्या. तिथे आम्ही विद्यार्थी बसत असू. समोरच्या बाजूला वर्गातून आणलेली बाके मांडत, ती मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकणाऱ्या मुलींसाठी. तिसऱ्या बाजूला कमरेएवढी भिंत होती आणि भिंतीपलीकडे रस्ता. बाजार करून निघालेले लोक सायकली भिंतीला टेकवून खेळ बघत. दिव्यांची सोय नव्हती, त्यामुळे सामना उन्हे उतरायच्या आत संपवावा लागे.

आम्हाला हा खेळ शिकवणारे सर ख्रिस्ती होते, मद्रासकडे व्यायामशिक्षण घेऊन आलेले. खेळाडूंना त्यांनी जितके शिकवले तितकेच प्रेक्षकांनाही. फाउल झाला की ज्याच्यावर तो झाला त्याला कड्यासमोर एकट्याने उभे राहून चेंडू टाकायला मिळतो. त्याला कोणी अडवत नाही. याला फ्री थ्रो म्हणतात. फ्री थ्रो कोणाचाही असो, आपला किंवा पाहुण्यांचा, त्या वेळी मैदानावर आवाज होता कामा नये, असा सरांचा दंडक होता. पहिल्या वर्षी ते स्वतः ओठांवर बोट ठेवून पायऱ्यांसमोर उभे राहत. पुढे त्याची गरज उरली नाही. शिट्टी वाजली की पायऱ्या, बाके आणि भिंत एकदम गप्प होत. रस्त्यावरच्या टांग्याच्या घोड्याची नाल ऐकू येई. पुण्याहून येणारे संघ याची तारीफ करत. आम्हाला त्याचा अभिमान होता.

आमच्या संघातला सर्वांत उंच खेळाडू माझा वर्गमित्र होता. आम्ही दोघे नगरलगतच्या भिंगारला एकाच गल्लीत राहत होतो आणि रोज सायकलीने बरोबर येत-जात होतो. त्याचे वडील छावणीतल्या फौजी वर्द्या शिवत. त्यांना सगळे मास्टर म्हणत, मी चाचा म्हणत असे. मुलाच्या उंचीवर त्यांचा नेहमीचा शेरा असे की, ह्याच्या एका पाटलोणीत सुभेदारसाहेबांच्या दोन होतील.

मैदानावर त्याचे नाव उंट होते. तो रेषेच्या आत पाऊल टाके तेव्हा पायऱ्यांवरून आरोळी उठे, "उंट आला! उंट आला!" भिंतीवरचे लोकही त्यात भर घालत.

"लई उंच हाय गड्या. आमच्या मळ्यात चिंचा पाडाया न्या ह्याला."

"चिंचा नंतर," बाकावरची एखादी नर्स ओरडून सांगे, "आधी बास्केट पाडू द्या त्याला!"

तो मान लांब करून उंटासारखा रवंथ केल्याचे सोंग करी. मग खेळ सुरू होई.

सत्तेचाळीसच्या पावसाळ्यानंतर भिंगारमध्ये सामान बांधण्याचे आवाज ऐकू येऊ लागले. फौजेची वाटणी झाली होती. पंजाबी मुसलमान जवानांच्या तुकड्या नगर स्टेशनवरून खास गाड्यांनी गेल्या. आमच्याशी नेहमी खेळणाऱ्या लष्करी संघातले दोन चांगले खेळाडू त्यांत होते. चाचांच्या दुकानात शिवून तयार झालेल्या वर्द्या टांगलेल्याच राहिल्या. न्यायला माणसे नव्हती. उलट दिशेने सिंधमधून निर्वासित आले. पूर्वेकडून, निजामाच्या हद्दीजवळच्या गावांतून, बैलगाड्यांत संसार भरून माणसे येत होती आणि त्यांनी आणलेल्या बातम्या दुसऱ्या दिवशी बाजारात दुप्पट झालेल्या असत.

मैदानावरही फरक पडला. भिंतीपाशी काही नवे लोक येऊ लागले. ते सायकलवरून उतरत नसत. त्यांना खेळ कळत नव्हता. ते भलत्याच वेळी टाळ्या वाजवत. दर सामन्याला ते थोडे वाढत होते.

दिवाळीनंतर पुण्याच्या एका कॉलेजशी सामना झाला. उत्तरार्धात माझ्या मित्राला फ्री थ्रो मिळाला. नेहमीप्रमाणे सगळे गप्प झाले. त्याने चेंडू दोनदा जमिनीवर आपटला, वर उचलला, आणि भिंतीकडून एक आवाज आला.

"ए उंटा, मनमाडची गाडी लागली बघ! चढ लवकर!"

मनमाडला गाडी बदलून माणूस औरंगाबादला, निजामाच्या मुलखात जातो, हे नगरमध्ये सर्वांना ठाऊक होते. भिंतीपाशी हसू फुटले. आमच्या पायऱ्यांवरही काहीजण हसले. चेंडू कड्यातून गेला. सामना आम्ही जिंकला. कोण ओरडले ते कळले नाही.

त्यापुढच्या सामन्यात तो आवाज एकट्याचा राहिला नव्हता. "उंट आला" या आरोळीला लागूनच भिंतीकडून "गाडी लागली" असे उत्तर येऊ लागले. आमची आरोळी आणि त्यांची आरोळी एकमेकींत मिसळली.

ही गोष्ट चाचांच्या कानावर गेली. त्यांचे मेहुणे औरंगाबादला कापडाचा धंदा करत आणि निघून या म्हणून निरोपावर निरोप पाठवत होते. इतके दिवस चाचा ऐकत नव्हते. आता त्यांनी घरात विषय काढला. त्या दिवशी सायकल हातात धरून चालत घरी येताना माझ्या मित्राने मला सगळे सांगितले.

"अब्बा म्हणतात, निघायचं. मी म्हटलं, भिंतीवरची चार टाळकी म्हणजे नगर नाही. बाकीचे मला उंट म्हणतात. ज्याला हाकलायचंय त्याला कोणी लाडानं उंट म्हणतं का?"

"मग?"

"मग म्हणाले, मी येतो. माझ्या कानांनी ऐकतो. लोकांनी तुला आपला म्हणून हाक मारली, तर मेहुण्याला नाही म्हणून कळवतो. नाहीतर तुझी परीक्षा राहिली बाजूला." त्याने सायकल दुसऱ्या हातात घेतली. "त्यांनी आजवर एक सामना बघितलेला नाही. लष्कराच्या मॅचला तू त्यांना घेऊन ये. मला आधी जावं लागेल."

लष्करी संघाशी सामना डिसेंबरात, एका शनिवारी होता. त्या दिवशी मी कॉलेजला गेलो नाही. दुपारी चाचांना घेऊन टांग्याने निघालो. त्यांनी काळी शेरवानी आणि टोपी घातली होती. वाटेत ते एकदाच बोलले. "ह्या खेळात हार-जीत मला समजणार नाही, बेटा. त्याची गरजही नाही."

आम्ही पोहोचलो तेव्हा खेळ सुरू होत होता. पायऱ्या भरल्या होत्या. पोरांनी सरकून आम्हाला खालच्या पायरीवर जागा दिली. भिंतीपाशी दोन रांगा उभ्या होत्या. हवा कोरडी होती आणि मैदानावरची फक्की वाऱ्याने उडत होती.

आमचे खेळाडू एकेक करून आत आले. प्रत्येकाला आरोळी मिळाली. माझा मित्र शेवटी आला आणि आरोळी थांबली.

मला वाटले, कोणाचे लक्ष नसेल. खेळ सुरू झाला. आमच्या ठेंगण्या खेळाडूने चेंडू नेला तेव्हा पायऱ्या दणाणल्या. त्याने चेंडू माझ्या मित्राकडे फेकला आणि तत्क्षणी सगळे गप्प झाले. पायऱ्यांवर, बाकांवर कोणीही ओरडले नाही. चेंडू मुरमावर आपटल्याचा आवाज, त्याच्या बुटांचा आवाज, एवढेच. त्याने उडी मारून चेंडू कड्यात टाकला. टाळी पडली नाही. चेंडू लष्कराच्या खेळाडूकडे गेला आणि गलका पुन्हा सुरू झाला.

असे पुन्हा झाले. मग पुन्हा. त्याच्या हाताला चेंडू लागला की आवाज सुरीने कापल्यासारखा थांबे. माझ्या मित्राला दोनदा थबकून पंचाकडे बघताना मी पाहिले. फाउल झाला आणि आपल्याला कळले नाही, असे त्याला वाटले असावे. नंतर तो पायऱ्यांकडे बघू लागला. मग त्याने चेंडू मागणेच सोडले.

चाचा मैदानाकडे बघत नव्हते. ते लोकांच्या तोंडांकडे बघत होते.

मध्यंतराची शिट्टी झाल्यावर मी शेजारच्या मुलाचा दंड धरला. "हे काय चाललंय?"

"म्हणजे? सकाळच्या प्रार्थनेला सरांनी सांगितलं की सगळ्यांना. नर्सिंगच्या पोरींनाही निरोप गेला. तू कुठं होतास?"

"काय सांगितलं?"

"उंटाच्या हातात चेंडू आला की फ्री थ्रो समजायचा. आपण ओरडतो म्हणून भिंतीवरच्यांचं फावतं. शांततेत ओरडणारा एकटा पडतो, म्हणाले. बघ ना, आहे का एकाची छाती?" तो खूष होता. "एक शब्द नाही आला तिकडून."

हे खरे होते. भिंत गप्प होती.

"त्याला सांगितलंय का?"

"छे! सर म्हणाले, त्याला कळलं तर तो खेळायलाच येणार नाही."

मी चाचांना हे सगळे तिथेच सांगितले. फ्री थ्रो म्हणजे काय, आमच्याकडची रीत काय, सरांचा हेतू काय. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "तू चांगला मुलगा आहेस," ते म्हणाले. माझ्यावर त्यांचा विश्वास बसलेला नव्हता.

मी सरांकडे धावलो. ते खेळाडूंना पाणी देत होते. चाचा आले आहेत आणि कशासाठी आले आहेत, हे ऐकून त्यांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. मग ते पायऱ्यांसमोर आले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले.

"पोरांनो, आता ओरडायचं! त्याच्या नावानं ओरडायचं! जोरात!"

उत्तरार्ध सुरू झाला. माझ्या मित्राच्या हातात चेंडू आला. सरांनी हात वर केला आणि पायऱ्यांवरून एका सुरात आवाज आला, "उंट आला! उंट आला!" सरांनी हात खाली घेतला. आवाज थांबला. पुढच्या वेळी पुन्हा हात, पुन्हा आरोळी. मुले मनापासून ओरडत होती. मीही ओरडत होतो. लष्करी संघातले जवान चकित होऊन बघू लागले. भिंतीवरचे लोक आता हसत होते.

चाचा उठले. शेरवानीवरची धूळ झटकून ते मला म्हणाले, "मी परेड ग्राउंडच्या शेजारी उभा जन्म काढला, बेटा. हुकमाचा आवाज मला कळतो."

"चाचा, पण आधीची चुप्पीसुद्धा..."

"तीसुद्धा हुकमाची होती. तूच सांगितलंस. मी खोटं नाही म्हणत." ते टांग्याकडे निघाले होते. "तुमचे सर भले आहेत. पण ज्या गावात माझ्या मुलासाठी आधी गप्प बसायचा हुकूम काढावा लागतो आणि मग ओरडायचा, तिथं मी त्याला कशाच्या भरवशावर ठेवू?"

मी त्यांना टांग्यापर्यंत पोचवले. पुढे पुष्कळ वर्षे बातम्या लिहिण्यात गेली. तो प्रश्न अजून तिथेच आहे.

सामना आम्ही हरलो. संध्याकाळी सर स्वतः भिंगारला गेले. चाचांनी त्यांना चहा दिला, दुकानातल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसवले, पण विचार बदलला नाही. माझा मित्र उंबऱ्यात उभा होता. सर त्याला म्हणाले, "मी तुझ्यासाठीच केलं रे." तो म्हणाला, "हो सर." एवढेच बोलणे झाले.

संक्रांतीच्या आधी ते गेले. दुपारची मनमाडकडे जाणारी गाडी होती. शिवणयंत्रे गोधड्यांत गुंडाळलेली होती. आम्ही वर्गातले सातआठ जण स्टेशनवर होतो. गाडी फलाटाला लागली तेव्हा आमच्यापैकी प्रत्येकाला एकच वाक्य आठवले असणार. कोणी कोणाकडे बघितले नाही. मित्र डब्याच्या दारात वाकून उभा राहिला, कारण दार त्याला ठेंगणे होते. गाडी हलल्यावर त्याने मान लांब करून रवंथ केल्यासारखे तोंड हलवले. आम्ही हात केले. आवाज कोणाचाच निघाला नाही.

औरंगाबादहून त्याची दोन पत्रे आली. त्याच अठ्ठेचाळीस साली पावसाळा सरताना फौजा निजामाच्या मुलखात शिरल्या. भिंगारच्या रस्त्याने पूर्वेकडे जाणारे ट्रक मी सकाळपासून बघत होतो. त्यानंतर पत्र आले नाही. मी लिहिलेली दोन पत्रे परत आली. चौकशी करण्याच्या ज्या वाटा पुढे माझ्या धंद्यामुळे मला उघड्या झाल्या, त्या सगळ्या मी वापरल्या. मेहुण्यांचे दुकान बंद होते, इतकेच कळले.

मैदानाचे सांगायचे राहिले. चाचा आणि माझा मित्र गेल्यानंतरच्या पहिल्याच सामन्यात आमच्या ठेंगण्या खेळाडूला फ्री थ्रो मिळाला. शिट्टी वाजली. पायऱ्या गप्प झाल्या, बाके गप्प झाली. त्याने चेंडू जमिनीवर आपटला. लष्कराच्या सामन्यात ऐकला होता तोच आवाज आम्ही सर्वांनी पुन्हा ऐकला. तेव्हा पायऱ्यांवर वरच्या बाजूला कोणीतरी ओरडू लागले. शब्द नव्हते, नुसतेच ओरडणे. दुसरा ओरडला, मग बाकांवरून, मग सगळीकडून. चेंडू कड्याला लागून बाहेर गेला तरी ते थांबले नाही. सर पायऱ्यांसमोर आले नाहीत. ते खांबाजवळ उभे होते आणि त्यांनी हात पाठीमागे बांधले होते.

मी कॉलेज सोडेपर्यंत आमच्याकडे फ्री थ्रोला कोणी गप्प बसले नाही. नगरच्या प्रेक्षकांना रीत नाही, अशी तक्रार पुण्याचे संघ करू लागले.