हवालदारीणबाईंची पारख

जयपूरच्या छावणीत सहा पावसाळे काढूनही हवालदारीणबाईंनी इथलं एकही अळंब खाल्लं नाही. आवड नव्हती म्हणावं, तर संगमेश्वराकडच्या अळंब्यांचं नुसतं नाव काढलं तरी त्यांच्या तोंडाला पाणी सुटे. गवळण इथल्या खुंबीची, म्हणजे अळंब्यांचीच, पाटी घेऊन दारात आली की बाई एकेक उचलून वास घेत, उलटी करून पाहत आणि परत ठेवत. "माझी ओळख माझ्या गावच्या मातीतली गो. इथली माती परकी. ओळख पटल्याशिवाय पानात घ्यायचं नाही." मी त्यांची शेजारीण; मला तो नुसता हेका वाटे.

अठ्ठावन्न सालच्या पावसाळ्यात एका रविवारी मेजरसाहेबांच्या पत्नीनं छावणीतल्या मराठी बिऱ्हाडांना मुलांसकट जेवायला बोलावलं. मदतीला हवालदारीणबाई आणि मी. बंगल्याच्या हिरवळीवर उगवलेल्या अळंब्यांच्या पांढऱ्याशुभ्र कळ्या पातेल्यात रटरटत होत्या.

"चांदीचा चमचा घालून पाहिलाय. काळा पडला नाही, म्हणजे विषारी नाहीत," बाईसाहेब म्हणाल्या.

हवालदारीणबाई मागच्या दारानं बाहेर गेल्या. हिरवळीवरचं सगळ्यांत जून, पुरतं उमललेलं छत्र आणून त्यांनी ओट्यावर उलटं ठेवलं. त्याच्या पोटातल्या चुण्या शेवाळासारख्या हिरवट होत्या.

"कळ्या सगळ्यांच्याच गोऱ्या, बाईसाहेब. म्हातारीला उलटी करून बघावं. ही भाजी वाढू नका."

"इथली माती परकी, असं तुम्हीच म्हणता ना? मग इथलं तुम्हाला काय कळणार?"

"म्हणून तर नको म्हणते. माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळीही चांदी पांढरीच राहिली होती. पोर मात्र राहिली नाही."

आपल्या यजमानांच्या, हवालदारांच्या, बढतीचा कागद मेजरसाहेबांच्या टेबलावर आहे, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. बाईसाहेबांच्या कपाळावर आठी पडली. मी तोंड उघडलं नाही, याची आजही लाज वाटते. बाईंनी पदरानं पातेलं धरलं, परसात खड्डा करून भाजी पुरली आणि हात घासून धुतले. "बेसनाचा डबा कुठंय? पिठलं पाव तासात होईल."

पंगत पिठलं-भातावर उठली. बढती त्या वर्षी हुकली. कारण कुणी सांगितलं नाही, बाईंनीही विचारलं नाही.

सोमवारी सकाळी मी फाटकाशी उभी होते. पंगतीला जेवलेली आठही मुलं भांडत, एकमेकांना कोपरं मारत शाळेच्या टांग्यात चढली. एकाचंही पोट दुखत नव्हतं. बाई आपल्या लेकीची सुटलेली वेणी घालत होत्या. त्यांच्या शेजारी उभं राहताना मला केवढा अभिमान वाटला!